जॉर्जियाचं चौथं भावंड

संगणकावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला दोन बटणं ओळखीची असतात. एकाने अक्षर ठळक होतं, दुसऱ्याने तिरकं. दोन्ही दाबली की ठळक-तिरकं, म्हणजे बोल्ड इटॅलिक. बटणं शेजारीशेजारी असल्यामुळे ही नुसती बेरीज वाटते. चांगल्या फाँटमध्ये ती बेरीज नसते. साधं, तिरकं, ठळक या तीन भावंडांनंतरचं ते चौथं, वेगळं रेखाटलेलं अक्षरवळण असतं. हे डोळ्यांनी पाहायचं तर मॅथ्यू कार्टरचा ‘जॉर्जिया’ उघडावा.

आधी या दोन आईबापांबद्दल. इटॅलिक हे हस्ताक्षराचं अपत्य. १५०१मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने खिशात मावणारी पुस्तकं काढली, त्यांसाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने विद्वानांच्या झरझर लिहिण्याच्या वळणावरून खिळे कोरले. तेव्हा अख्खं पुस्तकच इटॅलिकमध्ये छापत. उभ्या अक्षरांच्या ओळीत मध्येच पाहुणा म्हणून येणं ही नंतरची रीत. ठळक टाइप मात्र एकोणिसाव्या शतकातला, जाहिरातींच्या आणि शब्दकोशांच्या गरजेतून आलेला. १८४५चा लंडनचा ‘क्लॅरेंडन’ हे त्याचं नामांकित उदाहरण. म्हणजे एक लेखणीतून आलं, दुसरं बाजारातून. ठळक अक्षर पान उघडताच लांबून दिसतं. इटॅलिक वाचत वाचत तिथे पोचल्यावरच जाणवतं. ठळकपणा आवाज चढवतो, इटॅलिक आवाजाचा पोत बदलतं. दोन्ही एकदम करायला सांगणं ही अवघड मागणी आहे.

जॉर्जियात ती आणखी अवघड झाली. १९९६मध्ये मायक्रोसॉफ्टने हा फाँट आणला तो कागदासाठी नव्हे, त्या काळच्या भरड पडद्यांसाठी. कार्टर १९५०च्या दशकात हार्लेमला पोलादी ठसे हाताने कोरायला शिकला होता. साधन किती बारीक काम करू देतं, हे बोटांना कळलेला माणूस. त्याने इथे उलट क्रम धरला. आधी पिक्सेलच्या चौकटींत अक्षरं बसवली आणि मग त्यांच्याभोवती वळणदार रेषा आखल्या. लहान आकारात साध्या अक्षराचा दांडा एक पिक्सेल रुंद. ठळक करायचं तर तो दोनच होऊ शकतो, दीड नाही. म्हणून जॉर्जियाचा ठळक टाइप छापील पुस्तकांतल्या ठळकपेक्षा अंमळ जाडच आहे.

याचा अनपेक्षित फायदा चौथ्या भावंडाला झाला. तिरकी रेषा पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढते. दांडा एकच पिक्सेल असेल तर पायरीच्या जागी दोन पिक्सेल फक्त कोपऱ्याला टेकतात आणि रेषा तुटल्यासारखी दिसते. दांडा दोन पिक्सेलचा झाला की त्याच जागी ते एकमेकांवर बसतात. रेषा सलग राहते. म्हणून जुन्या पडद्यांवर जॉर्जियाचं साधं इटॅलिक किरकोळ प्रकृतीचं वाटे, ठळक इटॅलिक मात्र पाय रोवून उभं असे. वर ते नुसतं कललेलं नाही: त्यातला ‘ए’ दुमजली उभा आकार सोडून हाताने लिहितात तसा एकमजली होतो. जाडी वाढूनही लेखणीची आठवण पुसली जात नाही, हे कार्टरचं यश.

उणिवाही आहेत. लहान आकारात ‘ई’चा डोळा मिटायला लागतो. जॉर्जियाचे आकडे जुन्या पद्धतीने ओळीच्या वर-खाली जातात. मजकुरात ते शोभतात, पण ठळक-तिरक्या मथळ्यात सनावळी नाचायला लागते. आणि या वळणात अख्खा परिच्छेद लावणं म्हणजे वाचकाच्या कानाशी सतत ओरडणं. त्याची खरी जागा अगदी मोजकी आहे: मथळा आधीच ठळक आहे आणि त्यात एखाद्या पुस्तकाचं नाव आलं, तर ते वेगळं दाखवायला.

हे सगळं आपल्याला लागू होतं ते आपल्याकडे हे भावंड जन्मलंच नाही म्हणून. बहुतेक देवनागरी फाँटांत इटॅलिक नसतं. बटण दाबलं की संगणक उभं अक्षर ढकलून तिरकं करतो. शिरोरेषा आडवीच राहते, काने आणि दांडे तेवढे कलंडतात. वाऱ्याने एका बाजूला उडालेले दोरीवरचे कपडे जणू. त्यावर ठळकपणा चढवला की जोडाक्षरांतली पोकळी बुजते. यात कुणाचा हात नाही, कुणाची लेखणी नाही.

झरझर लिहिण्याचं वळण मराठीला नव्हतं असं नाही. मोडी होती. पण रोमन इटॅलिक उभ्या अक्षरांच्या घरात नांदायला आलं. मोडी बाळबोधीपासून वेगळी लिपीच राहिली आणि छापखान्याच्या काळात मागे पडली. त्यामुळे एकाच ओळीत बाळबोध आणि तिचा धावता सखा असा संसार आपल्या छपाईत उभा राहिला नाही.

तरी मराठी मुकी नाही. इंग्रजीत ‘मी’वर जोर द्यायला तो शब्द तिरका करावा लागतो, आपण ‘मीच’ म्हणतो. ‘च’, ‘ही’, ‘तर’ आणि शब्दांची अदलाबदल ही कामं कधीपासून करत आली आहेत. देवनागरीसाठी कुणी दुसरं वळण मनापासून रेखाटलं, तर त्याचं स्वागतच. मोडीच्या ओघाकडे पाहून ते काढलं तर अधिकच. तोवर वेबवर मराठी लिहिताना ते दुसरं बटण सोडून दिलेलं बरं. वाक्य नीट रचलं असेल तर जोर कुठे आहे ते वाचकाला कळतंच.