पुठ्ठ्याच्या पानावरील गाणे

बालवाङ्मयाची चर्चा आपल्याकडे बहुधा वाचता येणाऱ्या मुलापासून सुरू होते. त्याच्या आधीचे मूल, म्हणजे पुस्तक हाती येताच ते तोंडात घालणारे मूल, टीकाकाराच्या गणतीत नसते. त्याच्यासाठी जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, मोजक्या पानांची जी सचित्र गीतपुस्तके निघतात, त्यांना खेळण्यांत जमा करून आपण मोकळे होतो. आमच्या मते हा अन्याय आहे. हा वाङ्मयाचाच एक प्रकार असून त्याची पारखही त्याच दृष्टीने झाली पाहिजे.

या प्रकारातील खरी अडचण अशी की, गाणे पुढे सरकते आणि चित्र जागीच थांबते. शिवाय ज्याच्यासाठी पुस्तक, त्याला अक्षरओळख नाही. म्हणजे छापील शब्द असतात ते गाणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासाठी; मुलाच्या वाट्याला येतात ते सूर, चित्र आणि पान उलटण्याचा आनंद. या तिहींचा मेळ बसला तरच पुस्तक साधले.

कॅनडातील गायक राफी यांच्या गीतांवरील इंग्रजी पुस्तके या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. ती प्रथम साध्या चित्रपुस्तकांच्या रूपाने निघाली व पुढे पुठ्ठ्याच्या पानांवर आली. 'डाउन बाय द बे' (१९८७) हे मूळचे पारंपरिक गाणे. चित्रे नॅडिन बर्नार्ड वेस्टकॉट यांची. प्रत्येक कडव्यात आई एखाद्या अशक्य प्राण्याविषयी विचारते, आणि ती अशक्यता केवळ यमकातून जन्मलेली असते. चित्रकर्तीने ती गांभीर्याने जशीच्या तशी रंगविली आहे, हेच तिचे मर्म. पाने संपली तरी नवे यमक जुळवून खेळ पुढे चालू ठेवता येतो. 'बेबी बेलुगा'ची गोष्ट निराळी. व्हँकुव्हरच्या मत्स्यालयातील काव्ना नावाच्या पांढऱ्या देवमाशाच्या दर्शनातून हे गीत सुचले व १९८० साली प्रसिद्ध झाले. गीतातला मासा मात्र मोकळ्या समुद्रात पोहतो. १९९० च्या पुस्तकात अ‍ॅश्ली वुल्फ यांनीही त्याला उत्तरेकडील समुद्रातच रंगविले. चित्राने निमित्ताशी नव्हे, गीताशी इमान राखले, हे उचितच झाले.

याचा अर्थ ही पुस्तके मराठीत उतरवावीत असा मात्र नव्हे. पहिल्या गाण्याचा सारा प्राण इंग्रजी यमकात आहे. भाषांतरात प्राणी येतील, गंमत येणार नाही. घ्यावयाची ती दृष्टी, आणि ती आपल्या गाण्यांना लावावी. पावसाला पैशाचे आमिष दाखविणारे आपले गाणे घ्या. नाणे खोटे ठरते आणि तरीही पाऊस जोराने येतो, यातच त्याची सारी मौज आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या पुस्तकांत हे संपूर्ण गाणे एका पानावर, छत्रीतल्या मुलाच्या एकाच चित्राशेजारी छापलेले असते. वास्तविक नाणे खोटे ठरल्यावर पान उलटावे आणि समोर पाऊसच पाऊस दिसावा! बाळाच्या तळहातावर मोराला बसविणाऱ्या गाण्याची तर याहून शोचनीय अवस्था होते. त्या गाण्याची रंगभूमी बाळाचा हात ही आहे. पानभर पिसारा फुलवून चित्रकार बाळाची नजर हातावरून उडवितो. तेथे उघडा तळहात आणि त्यावर टेकणारे आजीचे बोट, एवढेच चित्र पुरे.

बृहन्महाराष्ट्रातील आम्हां मंडळींना हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील कित्येक घरांत मराठी ही घरापुरतीच उरली आहे, आणि ही गाणी पूर्वी जिच्या तोंडून येत ती आजी पुष्कळदा त्या घरात नसते. तरुण आईला शब्द अर्धेमुर्धे आठवतात, चाल आठवत नाही. बटण दाबताच स्वतःच गाणारी पुस्तके हल्ली मिळतात; पण ती आईला गप्प करतात. तिला गाते करील असे पुस्तक हवे. राफी यांच्या चित्रपुस्तकांच्या अखेरीस गाण्याची स्वरलिपी दिलेली असते. आपल्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर चालीचा आणि हातवाऱ्यांचा निर्देश चार ओळींत देणे कठीण नाही.

आमच्या साहित्यसंस्थांनी आपापल्या गावातील वृद्ध स्त्रियांकडून ही गाणी पाठभेदांसह आणि हातवाऱ्यांसह टिपून घ्यावीत, आणि मगच चित्रकाराकडे जावे. संमेलनांतून भाषेच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्यांनी या दहा-बारा पानांच्या पुस्तकाला क्षुद्र मानू नये. मुलाची आणि मराठीची पहिली गाठ तेथेच पडते.