अमूलची दृश्य ओळख : एक चिकित्सा

व्यावसायिक ब्रँडच्या जडणघडणीत दृश्य ओळखीचे महत्त्व अमूल लोण्याच्या जाहिरातींवरून स्पष्ट होते. १९६६ मध्ये सिल्वेस्टर दाकुन्हा यांच्या संकल्पनेतून व युस्टेस फर्नांडिस यांच्या रेखाटनातून साकारलेली ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी आजही टिकून आहे. प्रसंगानुरूप मजकूर बदलतो; निळे केस व ठिपके मात्र कायम राहतात. या सातत्यामुळेच ग्राहक नाव वाचण्यापूर्वी उत्पादन ओळखतो. तथापि, अमूल ही ज्या खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची (स्थापना १९४६) निर्मिती, त्यातील उत्पादकांचा, विशेषतः गोठ्यात राबणाऱ्या स्त्रियांचा, या चित्रात मागमूसही नाही. दृश्य ओळख स्मरणाबरोबर विस्मरणही घडविते. म्हणून तिचे मूल्यमापन केवळ विक्रीच्या निकषावर करणे अपुरे ठरते.