ताटात वाढलेलं लोखंड

जेवणाच्या टेबलाभोवती एक जर्मन कुटुंब बसलं आहे. सगळे मन लावून खाताहेत, आणि खाताहेत ते लोखंड. कुणी सायकलचे भाग चावतंय, बाळाच्या तोंडाशी कुऱ्हाडीचं पातं आहे, कुत्रा भलामोठा नट चाटतोय. भिंतीवर स्वस्तिकांची नक्षी आणि हिटलरची तसबीर. खाली ठळक अक्षरांत जल्लोष : ‘हुर्रे, लोणी संपलं!’

जॉन हार्टफील्डचं हे फोटोमोंटाज, म्हणजे छायाचित्रांची कात्रणं जोडून केलेलं चित्र, १९ डिसेंबर १९३५ रोजी ‘ए. आय. झेड.’ या कामगारांच्या सचित्र साप्ताहिकात आलं. नाझी सत्तेवर येताच, १९३३ मध्ये, चित्रकार आणि साप्ताहिक दोघांनाही बर्लिन सोडून प्राग गाठावं लागलं होतं. १९३५ मध्ये जर्मनीत लोण्याची टंचाई होती, कारण परकीय चलन शस्त्रसज्जतेकडे वळलं होतं. नाझी नेता गोअरिंगने हँबर्गच्या भाषणात या टंचाईचं समर्थन केलं : लोखंडाने राष्ट्र बलवान होतं; लोणी आणि चरबीने फार तर माणसं लठ्ठ होतात. हार्टफील्डने हे विधान चित्राच्या तळाशी जसंच्या तसं छापलं.

या उपहासाची जात आपल्या ओळखीची आहे. वगातला सोंगाड्या राजाचा हुकूम मोडत नाही. तो अक्षरशः पाळतो, आणि हुकुमाचंच हसं होतं. हार्टफील्डही गोअरिंगशी वाद घालत नाही. लोखंड लोण्यापेक्षा श्रेष्ठ ना? मग वाढा ताटात. भाषणात भारदस्त वाटलेलं वाक्य दाताखाली येताच त्याचा खडा लागतो.

हे काम रेखाचित्राने झालं नसतं. व्यंगचित्र अतिशयोक्ती म्हणून झटकता येतं. छायाचित्रावर डोळा आधी विश्वास ठेवतो. या साप्ताहिकाच्या ग्रॅव्ह्यूर छपाईत कात्रणांचे सांधे मिटून जात, त्यामुळे ही खोली खरी वाटते. जर्मनीचा माजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग याचा चेहरा असलेली उशीसुद्धा तिथे आहे. घर नीटनेटकं, मध्यमवर्गीय, कुणाचंही असू शकेल असं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो या मंडळींचा निमूटपणा. कुणी ताट ढकलत नाही, कुणाच्या कपाळावर आठी नाही. त्यामुळे हार्टफील्डचा वार एकट्या गोअरिंगवर होत नाही. टंचाईलाच सण मानणाऱ्या घरावरही होतो. अपवाद फक्त बाळाचा. त्याने भाषण ऐकलं नाही, कुणाला मत दिलं नाही, तरी त्याच्या वाट्याला पातंच आलं. चित्रातलं हसू बाळापाशी येऊन थांबतं, आणि तिथेच त्याचं निषेधात रूपांतर होतं.

सत्तेचंच साहित्य सत्तेवर उलटवण्याची ही रीत पुढेही चालली. १९१७ मध्ये जेम्स माँटगोमेरी फ्लॅगच्या अमेरिकी भरती-पोस्टरवरचा अंकल सॅम बोट रोखून तरुणांना सैन्यात बोलावत होता. १९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, तोच अंकल सॅम पट्ट्या बांधलेला, फाटका होऊन एका पोस्टरवर आला. रोखलेल्या बोटाच्या जागी पसरलेला हात, आणि मागणी एकच : मला यातून बाहेर पडायचंय. कल्पना नेमकी आहे. पण हार्टफील्डच्या चित्रातला घरगुतीपणा तिच्यात नाही, म्हणून ती इतकी खोल रुतत नाही.

सोलापूरकरांना तरी हार्टफील्डचं हे चित्र परकं वाटायला नको. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या शहरातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस हार्टफील्डला प्राग सोडून इंग्लंडला पळावं लागलं. जपानी आक्रमणात जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. लोखंड शरीरात घुसल्यावर डॉक्टरचं काम सुरू होतं. ते अजून ताटातच आहे तोवर ओरडून सांगणं हे अशा चित्रांचं काम. भैय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारक पाहणाऱ्याने हे चित्रही पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

या चित्राने युद्ध थांबलं नाही. चार वर्षांच्या आत ते पेटलंच. म्हणून चित्र हरलं असं मी मानत नाही. राष्ट्राच्या नावाने त्याग मागितला जाईल, तेव्हा तो कुणाच्या ताटातून काढला जातोय आणि त्या जागी काय वाढलं जातंय, हे आधी पाहायला या चित्राने शिकवलं. असे त्याग आजही मागितले जातात, आणि म्हणून ही नजर आजही हवी.