सावळ्या रंगातला उजेड

तमिळ चित्रकार एस. इळयराजांची जी चित्रं मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटतात, त्यांतली मुलगी आपल्याकडे बघतच नाही. जुन्या तमिळ घराच्या खिडकीशी बसून ती बाहेर पाहत असते. उजेड एकाच बाजूनं येतो: कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठाच्या कडेवर. दुसरा गाल अंधारात, पण तो अंधार काळा नाही. तपकिरीत तांबूस छटा आहे, हनुवटीखाली निळसर झाक. सावळा वर्ण रंगवताना नुसता काळा मिसळला की चेहरा मळकट होतो. इथे तो आतून उबदार वाटतो.

सावळ्या चेहऱ्याचं हे महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागतं. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या गोऱ्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर लागल्या आणि सौंदर्याचा रंग जणू ठरूनच गेला. इळयराजांनी तितक्याच तयारीचं तैलरंगाचं कसब कुंभकोणमकडच्या खेड्यातल्या बायांसाठी वापरलं. ते शिकले कुंभकोणम आणि चेन्नईच्या सरकारी कला महाविद्यालयांत. चेन्नईची ही शाळा १८५०ची, आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टपेक्षा सात वर्षांनी थोरली. चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांच्यापासून तिथे रेषेचा आणि अमूर्ताचा जोर. त्या वातावरणातून येऊन हुबेहूब चित्रणाला चिकटून राहणं सोपं नव्हतं. जून २०२१ मध्ये करोनानं त्यांना ऐन उमेदीत नेलं.

इळयराजांच्या चित्रातली चुलीपुढची बाई पाहताना सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र आठवतं. हळदणकरांचा उजेड दिव्याचा, बोटांतून झिरपणारा, जवळजवळ मंगल. इळयराजांचा जाळ कामाचा आहे. त्यात धूर आहे, घाम आहे, डोळे किंचित बारीक झालेत.

कधीकधी पितळी भांडी आणि साडीचे काठ इतके चोख उतरतात की चेहरा मागे पडतो. ती चित्रं मला कमी भावतात. उत्तम चित्रांत मात्र मनाची हालचाल भुवईपाशी दिसते. ओठ सैल, भुवईत अगदी पुसटसा ताण. ही बाई दमली आहे, स्वतःच्या विचारात आहे, आणि आपण तिची कीव करावी अशी तिची मुळीच अपेक्षा नाही.