‘स्मृतिचित्रे’ : एका घरातील श्रद्धेची वाटचाल

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची स्तुती मराठी समीक्षेत प्रायः तीन गुणांभोवती फिरत आली आहे : साधी भाषा, निर्मळ विनोद आणि प्रांजळपणा. हे गुण नाकारण्याचे कारणच नाही. तथापि 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ घरात श्रद्धा कशी रुजते, आणि कशी रुजत नाही, याची मराठीतील एक सखोल नोंद आहे, याकडे आपल्या कॅथलिक वाचकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट होते, हे त्याचे एक कारण असावे. कोल्हापुरात तर 1852 मध्ये वाइल्डर यांनी सुरू केलेल्या मिशनची परंपरा इतकी ठळक आहे की, टिळक ‘त्यांचे’, आपले नव्हेत, अशी वाटणी नकळत होऊन बसते. पुस्तकांच्या बाबतीत ही वाटणी आपल्यालाच महाग पडते.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. लक्ष्मीबाईंच्या माहेरी, नाशिकजवळच्या जलालपुरात, वडिलांच्या सोवळ्याने सारे घर वेठीस धरले होते. 1857 च्या बंडानंतर जवळच्या आप्ताला झालेल्या फाशीचा धक्का या सोवळ्याच्या मुळाशी होता. बाजारातून आलेला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुतल्यावाचून चालत नसे. वाचक या पानांवर पोटभर हसतो. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते की, ही भयावर उभ्या राहिलेल्या गृहधर्माची कहाणी आहे. त्या घरात धर्म पुष्कळ होता, मोकळा श्वास मात्र कोणालाच नव्हता. आपल्याही काही घरांत जपमाळ शिक्षेसारखी म्हणवून घेतली जाते. त्या घरांनी ही पाने सावकाश वाचावीत.

10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या क्षणी पत्नी त्यांच्या सोबत नव्हती. पुढची वर्षे लक्ष्मीबाईंनी लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने काढली. ग्रंथाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. येथे लेखिका पतीचा सत्यशोध खरा मानते, परंतु त्या शोधाची किंमत घरातल्या कोणाला मोजावी लागली हे झाकून ठेवत नाही. टिळकांचे चरित्र लिहिताना भक्तिभावाने भारावलेले लेखक या दुःखावरून घाईघाईने पुढे जातात. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत.

त्या पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. एकाच संसारात त्यांची चूल आणि पाणी निराळे राहिले. टिळक स्वभावाने तापट आणि उतावळे. पण या चुलीवर त्यांनी हात टाकला नाही, ही त्यांच्या श्रद्धेची मोठी कसोटी होती आणि तिला ते उतरले. वादविवादाने जे झाले नाही ते सहवासाने झाले. विशेष म्हणजे लक्ष्मीबाईंच्या मनात आधी मोडले ते जातीचे बंधन. उच्चनीच देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांना स्वतःच पडला, आणि उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. ख्रिस्त त्या घरात स्वयंपाकघराच्या वाटेने आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या ग्रंथाची एक उणीवही सांगितली पाहिजे. जात कशी गळून पडली हे लक्ष्मीबाई जितके प्रत्ययकारी सांगतात, तितके प्रार्थनेत काय घडले हे सांगत नाहीत. येशूशी जडलेले नाते वागण्यातून दिसते, पण अंतरंगाचे दार क्वचितच उघडते. मिस्सा आणि साक्रामेंतांच्या आधाराने जगणाऱ्या वाचकाला येथे काहीतरी हुकल्यासारखे वाटेल. हा संकोच त्या काळच्या स्त्रीचा की विनोदाच्या आड लपण्याची सवय, हे ठरविणे कठीण. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईबाप हेच मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक होत, असे सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या कुटुंबविषयक पत्रात हाच विचार विस्ताराने मांडला. आपण मात्र हे काम रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गावर सोपवून मोकळे होतो, आणि पुढे मुलगा चर्चला येईनासा झाला की फादरांना विचारतो. घरात भिन्नधर्मीय सून वा जावई आल्यास तर दोनच मार्ग आपल्याला सुचतात, आग्रह किंवा अबोला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये तिसरा मार्ग आहे, पण तो वर्षांच्या हिशेबात चालतो आणि त्यात हक्काने मागण्यासारखे काही नसते.

या वाटचालीचे फळ दुसऱ्याच एका ग्रंथात दिसते. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य टिळकांनी आरंभिले. 1919 मध्ये ते निवर्तले तेव्हा ते अपुरे होते. ज्या पत्नीला त्यांनीच अक्षरांची गोडी लावली, तिने ते हाती घेतले आणि त्याचा मोठा भाग रचला. 1936 मध्ये तिच्याही मागे थोडे राहिले, ते पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केले. काव्य म्हणून ते सर्वत्र सारख्या उंचीचे नाही, हे खरे. पण ते वाचताना, बापाच्या हातातली लेखणी आईकडे आणि आईकडून मुलाकडे कोणत्या ओळीवर गेली असेल, याचा शोध मन घेतच राहते.