किल्ल्यांचा जुडगा

पुण्यात जिला किल्ली म्हणतात आणि मुंबईत जिला चावी म्हणतात, ती वस्तू सापडेनाशी झाली की दोन्ही गावांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘‘आत्ता तर इथेच ठेवली होती!’’ किल्ली हरवण्याचं दुःख सर्वांना ठाऊक आहे. पण काही केल्या न हरवणारी किल्ली हे त्याहून मोठं दुःख आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आणि तेही कुठे, तर कॉम्प्युटरवरचे खेळ खेळताना.

त्याचं असं झालं. मी निवृत्त झालो. एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये पस्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. निवृत्त झाल्यावर सवयीने मी घरातल्या डाळी-तांदळाच्या डब्यांना नंबर घालायला घेतले. चौथ्या डब्याशी आमच्या सौभाग्यवतींचा संयम संपला. दुसऱ्याच दिवशी पुतण्या ‘सहज’ म्हणून आला आणि म्हणाला, ‘‘काका, तुम्ही गेम्स का खेळत नाही?’’ हा सहजपणा काकूने फोन करून घडवून आणला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे असा खेळ, की ज्यात आपण योद्धा, मांत्रिक किंवा चोर व्हायचं आणि एका अनोळखी मुलुखात फिरून कामगिऱ्या पार पाडायच्या. मी योद्धा झालो. वाटलं, आयुष्यभर नट-बोल्ट मोजले, आता राक्षस मारू. राक्षस मारले, नाही असं नाही. पण राक्षस पाच मिनिटांत मरतो आणि त्याच्या खिशातलं सामान पिशवीत बसवायला पंधरा मिनिटं लागतात! थोडक्यात, मी पुन्हा स्टोअर्समध्येच रुजू झालो होतो. या वेळी बिनपगारी.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 1974 सालचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. तो कॉम्प्युटरवर नव्हे, टेबलाभोवती बसून कागद-पेन्सिलीने खेळायचा. त्यात माणूस किती ओझं उचलू शकतो याचा हिशेब सोन्याच्या नाण्यांच्या वजनात मांडलेला होता. म्हणजे राजकन्येला सोडवायला निघालेला वीर पहिल्या दिवसापासून तराजू घेऊनच हिंडतो आहे. वजनाबद्दल माझी तक्रार नाही. तलवार जड झाली तर विकता येते. तक्रार आहे ती किल्ल्यांबद्दल आणि ‘कामगिरीच्या वस्तूं’बद्दल. या विकता येत नाहीत, खाता येत नाहीत आणि बऱ्याचदा टाकताही येत नाहीत.

‘मदर 2’ हा 1994 चा जपानी खेळ घ्या. अमेरिकेत तो 1995 साली ‘अर्थबाउंड’ या नावाने गेला. लिहिणारे शिगेसातो इतोई, मोठे मिश्कील गृहस्थ. त्यातला नायक नेस नावाचा लहान मुलगा. त्याच्यापाशी चौदा वस्तूंची जागा, आणि डोक्यावरची टोपी न् हातातली बॅटसुद्धा त्या चौदांत धरलेली. अशा अडचणीत एके ठिकाणी रस्त्यात पेन्सिलीच्या आकाराचा लोखंडी पुतळा आडवा येतो. तो हटवायला काय मिळतं? पेन्सिल-खोडरबर! मी म्हटलं, झकास. पुढे बऱ्याच प्रवासानंतर पुन्हा पुतळा आडवा. हा खोडरबराचा. त्यासाठी खोडरबर-खोडरबर! मी हसलो खरा, पण माझ्यातला स्टोअरकीपर हसेना. तो विचारत होता, ‘आधीच्या खोडरबराचं काय करायचं?’ खेळ त्यावर काही बोलत नाही.

जादा सामान ठेवायची सोय मात्र इतोईंनी केली आहे. नेसची धाकटी बहीण ट्रेसी ही सामान ने-आण करणाऱ्या कंपनीत अर्धवेळ कामाला असते. तिला फोन केला की माणूस येतो, अठरा डॉलर घेतो आणि वस्तू घेऊन जातो. ही कल्पना मला फार परकी वाटली. आमच्याकडे बहीण येते ती सामान न्यायला नव्हे, ठेवायला! तिची शिवणयंत्राची पेटी आमच्या माळ्यावर ‘चार दिवस’ म्हणून आली, तिला आता अकरा वर्षं होतील.

दुसरं उदाहरण ‘डायब्लो 2’चं, सन 2000. यातली पिशवी म्हणजे चाळीस चौकोनांचा पट. त्यात एक जादूची पेटी मिळते. ती स्वतः चार चौकोन अडवते आणि पोटात बारा चौकोन देते. हा व्यवहार मला इतका आवडला, की आमच्या ट्रंकांनी यातून काही शिकावं असं वाटलं. पण याच खेळात एका ओसाड गावात एका मेलेल्या मुलाचा लाकडी पाय सापडतो. पाय! पुढे तो कशाला लागेल याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. तीन चौकोन अडवून बसलेला तो पाय मी शेवटी रस्त्यात टाकून दिला. संध्याकाळी पुतण्या आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, ‘‘काका, पाय टाकलात? शेवटी तो त्या पेटीत घातला की गाईंच्या गुप्त मुलुखाचं दार उघडतं!’’

झालं. त्या दिवसापासून मी काहीही टाकेनासा झालो. माझ्या मते या खेळांनी माणसाचं जे काही नुकसान केलं आहे, ते हिंसाचाराने नव्हे, त्या पायाने केलं आहे. एकदा फेकलेली वस्तू एकदाच उपयोगी निघावी लागते. पुढच्या हजार निरुपयोगी वस्तू माणूस जन्मभर सांभाळतो.

‘स्कायरिम’ने (2011) तर टाकायचा प्रश्नच ठेवला नाही. त्यात गुहेत, वाड्यात कुठेतरी एक गुलाबी खडा दिसतो. कुतूहलाने उचलला की संपलं. असे एकूण चोवीस खडे आहेत, ते मुलूखभर विखुरलेले आहेत, आणि खडा एकदा कामगिरीचा ठरला की चोवीस पुरे होईपर्यंत खाली ठेवता येत नाही. प्रत्येकाचं वजन अर्धा. लग्नात आलेल्या भिंतीवरच्या घड्याळांसारखे ते माझ्याबरोबर फिरत राहिले. मात्र याच खेळात किल्ल्यांचं वजन शून्य. हे शून्य वाचकांनी लक्षात ठेवावं. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता समीक्षकाच्या भूमिकेतून थोडं गंभीरपणे. किल्ल्यांच्या बाबतीत खेळ रचणाऱ्यांच्या तीन जाती दिसतात. पहिली जात कठोर. 1986 च्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये किल्ली कुलपाला लावली की खर्ची पडते. माल आला, माल गेला, नोंद पुरी. दुसरी जात राजकारणी. 1988 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’मध्ये चोराची किल्ली, मग जादूची किल्ली आणि शेवटी सर्व कुलपं उघडणारी अखेरची किल्ली. मोठी आली की धाकट्या आपोआप निकालात निघतात. तिसरी जात तुमच्या-आमच्यासारखी, म्हणजे माळ्यावर टाकणारी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 साली निघाला. त्यात किल्ल्या सामानाच्याच पिशव्यांत जागा अडवायच्या. बोंब झाल्यावर 2006 साली खास किल्ल्यांसाठी वेगळा जुडगा आला. 2011 मध्ये तो जुडगाही काढून टाकला. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्येही प्रत्येकाजवळ असा जुडगा असतो आणि मिळालेली किल्ली आपण होऊन त्यात जाऊन पडते. सोय उत्तम. पण आत डोकावून पाहा. उघडून झालेल्या, न उघडलेल्या आणि कशाच्या ते विसरलेल्या अशा साऱ्या किल्ल्या एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या! माळ्यावर टाकलं म्हणजे घर आवरलं, असं नव्हे.

माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न जागेचा नाहीच. माहितीचा आहे. आमच्या स्टोअर्समध्ये प्रत्येक खणाला एक बिन कार्ड असे. माल कधी आला, कुणाला दिला, किती उरला, सगळं त्यावर. वर्षानुवर्षं न हललेला माल ‘डेड स्टॉक’ ठरे आणि साहेबांच्या सहीने राइट-ऑफ होई. खेळातल्या किल्लीला हे कार्ड नाही, म्हणून खेळणारा घाबरतो, आणि घाबरलेला माणूस साठवतो. ‘तुझं काम झालं’ एवढं किल्लीने सांगितलं तरी पुरे.

‘‘मग ती कशाची आहे हेही सांगावं का?’’ पुतण्याने विचारलं.

मी विचार केला आणि म्हटलं, नाही. मुळीच नाही. अनोळखी किल्ली हातात असणं म्हणजे कुठेतरी एक दार अजून बंद आहे, असा निरोप मिळणं. तो निरोप काढून घेतला तर मग खेळायचं कशाला? काम संपल्याचं सांगा, काम काय ते सांगू नका. माझी समीक्षा इथे संपते.

संपायला हवी होती. पण आमच्या इमारतीचं पुनर्विकासाचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं आणि भाड्याच्या जागेत जायची वेळ आली. बांधाबांध करताना सौभाग्यवतींनी फडताळातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत किल्ल्या. मोजल्या, सदतीस भरल्या. घरातली सगळी कुलपं, कपाटं, ट्रंका, बहिणीच्या शिवणयंत्राची पेटीसुद्धा तपासली. सहा लागल्या. उरल्या एकतीस.

‘‘पस्तीस वर्षं दर मार्चला दुसऱ्यांचा डेड स्टॉक काढत होतात ना?’’ ही म्हणाली. ‘‘आता करा सही.’’

भंगारवाला आला. एकतीस किल्ल्या काट्यावर ठेवल्या, सातशे ग्रॅम भरल्या. स्कायरिमवाल्यांनो, शून्य नव्हे, सातशे ग्रॅम! मी भावावरून घासाघीस करत होतो, तेवढ्यात ढिगातली एक लांब दांड्याची लोखंडी किल्ली दिसली. आमच्या गिरगावातल्या खोलीची. वडील रात्रपाळीहून आले की तीच कुलपात फिरल्याचा आवाज यायचा. ती चाळ पडून वीस वर्षं झाली. तिथे आता टॉवर आहे आणि दारावर नाव लिहून घेणारा रखवालदार. मी ती किल्ली हळूच उचलून शर्टाच्या खिशात टाकली.

‘‘तिचं दार कुठे आहे आता?’’ हिने विचारलं.

मी काही बोललो नाही. तीही पुढे काही बोलली नाही. उलट खाली वाकून तिने ढिगातून एक लहानशी पितळी किल्ली उचलली आणि पदराला पुसली.

‘‘ही कशाची?’’ मी विचारलं.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली आणि आत गेली.

भंगारवाल्याने काट्याकडे पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि एकोणतीस किल्ल्यांचे पैसे दिले.

भाड्याच्या जागेत कॉम्प्युटर पहिल्यांदा लागला. सध्या मी ‘डायब्लो 2’ पुन्हा पहिल्यापासून खेळतो आहे. काल पुतण्या शेजारी बसून बघत होता. म्हणाला, ‘‘काका, बॅग गच्च भरलीय. हा पाय टाकू का?’’

‘‘खबरदार!’’ मी ओरडलो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘अहो, कोणाचा पाय?’’