पाणीविषयक गद्यातील कर्ता

पाणीपुरवठा व सिंचन यांच्या आधुनिकीकरणावर महाराष्ट्रात गेली साठ-सत्तर वर्षे जो खर्च झाला, त्याचे परीक्षण अर्थशास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी वेळोवेळी केले आहे. या खर्चाबरोबर मराठीत एक गद्यही निर्माण झाले. अहवाल, श्वेतपत्रिका, शासननिर्णय, योजनांची माहितीपत्रके, अधिनियमांची मराठी रूपे असा त्याचा विस्तार आहे. परिमाणाने ते आपल्या ललित वाङ्मयाच्या एखाद्या शाखेहून मोठे भरेल. परंतु गद्य म्हणून त्याचा विचार झाल्याचे फारसे आढळत नाही. प्रस्तुत टिपणात तसा प्रयत्न केला आहे. प्रश्न एकच आहे : या गद्यातील वाक्यांना कर्ता आहे काय, आणि नसल्यास त्याचे परिणाम काय होतात?

या प्रश्नाकडे लक्ष वळण्यास बोलीच्या नोंदींचे एक काम निमित्त झाले. रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे व वारे ही जोडगावे आहेत. तेथे मे महिन्यात काही दिवस राहून पाण्याशी संबद्ध अशा शब्दांची टिपणे प्रस्तुत लेखकाने केली. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांच्या बऱ्याच भागांत तो सहाशे मिलिमीटरही भरत नाही. असे असता रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक वाड्यांना दरसाल उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सड्यावरचा जांभा सच्छिद्र. पाणी त्यातून झिरपते, उतारावरून धावते आणि अल्पकाळात समुद्रास मिळते. तेव्हा ‘कोरडा प्रदेश’ ही संज्ञा पर्जन्यमानाच्या आकड्यावरून ठरविता येत नाही. पडलेले पाणी कोणी अडविले व कोणी वाटले, या गोष्टींचाही तिच्यात वाटा असतो. म्हणूनच अतिवृष्टीच्या या किनाऱ्यावरील शब्द देशावरच्या अवर्षणाची भाषा तपासण्यास उपयोगी पडतात.

नोंदविलेल्या शब्दांत नामे पुष्कळ होती. ‘बाव’ (संस्कृत ‘वापी’पासून आलेला विहिरीचा वाचक), ‘वहाळ’, ‘पऱ्ह्या’, ‘डोण’, ‘आगर’, ‘आळे’, ‘रहाट’ (मूळ ‘अरघट्ट’) ही त्यांतील काही. परंतु ही नामे वाक्यात येत ती बहुधा सकर्मक क्रियापदाच्या संगतीने. बाव उपसली, पाट काढला, आळी केली, वहाळाला बांध घातला, आगर शिंपले, अशी ही वाक्ये होती. मराठी भूतकाळी सकर्मक वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालत असले तरी तृतीयेतील कर्ता मनात गृहीत असतोच. ‘आगर शिंपले’ असे कोणी म्हटल्यास ‘कोणी?’ हा प्रश्न स्वाभाविक ठरतो आणि त्याचे उत्तर देता येते. थोरल्याने, सुनेने, गड्याने. शिंपणे हे क्रियापद संस्कृत ‘सिच्’ धातूच्या कुळातले; त्याच धातूपासून ‘सिंचन’ हे भाववाचक नाम झाले. धातू एक असूनही व्यवहार वेगळा झाला. शिंपण्याला माणूस लागतो. ‘सिंचन’ हेक्टरांत मोजता येते व माणसावाचून वाक्यात उभे राहू शकते.

आता शासकीय गद्याकडे वळू. तेथील प्रतिनिधिक रचना साधारणतः अशा असतात : क्षमता निर्माण झाली, कामे प्रगतिपथावर आहेत, प्रकल्पास सुधारित प्रशासकीय मान्यता प्राप्त झाली, निधीअभावी काम अपूर्ण राहिले. या सर्व रचनांचा कणा नाम हा आहे. क्रियापदे होणे, असणे, राहणे, प्राप्त होणे अशी निव्वळ आधारापुरती येतात. ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ हा शब्दसमूह तर इतका रुळला, की कार्यालयीन व्यवहारात त्याचे ‘सुप्रमा’ असे संक्षिप्त रूप झाले. खर्चाचा अंदाज वाढला, तो कोणाच्या हिशेबाने वाढला, कोणी तपासला, ही सारी क्रिया त्या तीन अक्षरांत बंद होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘निर्मित सिंचनक्षमता’ हे आहे. धरण व कालवे पूर्ण झाले म्हणजे जेवढे क्षेत्र भिजू शकेल, तेवढी ही क्षमता. ‘शकणे’ हे मराठीत शक्यता सांगणारे सहायक क्रियापद. त्याचे नाम बनवून त्यापुढे ‘निर्मित’ हे भूतकालवाचक विशेषण ठेवले, की जे घडू शकेल ते घडल्यासारखे वाचले जाते. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून सिंचित क्षेत्राचे पिकांखालील क्षेत्राशी असलेले प्रमाण दशकभरात १७.८ टक्क्यांवरून केवळ १७.९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले, तेव्हा मोठा वाद उद्भवला. त्याला उत्तर म्हणून २०१२ च्या अखेरीस श्वेतपत्रिका निघाली. पाहणीचे बोट भिजलेल्या क्षेत्राकडे होते. श्वेतपत्रिकेचा भर निर्माण झालेल्या क्षमतेवर होता. एकाच शासनाची ही दोन कागदपत्रे दोन निरनिराळ्या शब्दांविषयी बोलत होती. वादातील राजकीय बाजू येथे अप्रस्तुत आहे. भाषेच्या अभ्यासकाने एवढे म्हणावे, की ‘किती शेतकऱ्यांनी किती जमीन भिजविली’ हे वाक्य प्रथमपासून वापरात असते, तर हा घोटाळा शब्दांच्या पातळीवर तरी झाला नसता.

मराठीतील पाणीविषयक गद्य आरंभापासून असे नव्हते. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथातील उपाय सुचविणारा अखेरचा भाग या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. सरकारने आपल्या फौजेतील व पोलीस खात्यातील शिपायांकडून ताली व बंधारे अशा रीतीने बांधवावेत, की पावसाचे पाणी शेतात मुरून मगच ओढ्यानाल्यांस मिळेल, अशा आशयाची सूचना तेथे आहे. त्या सूचनेत सांगणारा आहे, ज्याला सांगितले तो आहे, ज्याच्या हातून काम व्हावयाचे तो आहे आणि ज्याच्या शेतात पाणी मुरावयाचे तोही आहे. सूचना व्यवहार्य होती की नव्हती यावर मतभेद होऊ शकेल. परंतु तिची जबाबदारी कोणावर, याविषयी वाचकाला संदेह राहत नाही.

खात्याच्या परिभाषेतही पूर्वी क्रियेचे भान होते. ‘पाटबंधारे’ या नावात पाट व बंधारे या हाताने केलेल्या दोन वस्तू आहेत. ‘येवा’ व ‘सांडवा’ हे शब्द येणे व सांडणे या धातूंपासून सरळ निघाले आणि अभियंत्यांच्या तोंडी रुजले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि परिभाषेचे काम पद्धतशीर सुरू झाले. पुढे खात्याचे नाव बदलून ‘जलसंपदा’ झाले. विकास महामंडळांच्या नावांत मात्र ‘पाटबंधारे’ टिकून आहे. संस्कृतोद्भव शब्द आले म्हणून बिघाड झाला, असे येथे सुचवावयाचे नाही. ‘जिरायत’ हा शब्द पाहावा. अरबीत त्याचा मूळ अर्थ नुसता ‘शेती’. मराठीत त्याला ‘पावसावरची शेती’ असा मर्यादित अर्थ आला, कारण बागायतीपासून ती वेगळी दाखविण्याची गरज बोलणाऱ्यांना भासली. शब्द परका असो वा संस्कृत, वापरणाऱ्यांच्या क्रियेशी तो जोडलेला राहिला म्हणजे पुरे. ‘ठिबक’ हा शब्द शेतकऱ्याच्या ओठी बसला याचे कारणही नळीतून पाणी ठिबकताना त्याने पाहिले, हेच असावे.

कर्ता सांभाळणारी परिभाषा आपल्याकडे होती व आहे. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत बंधाऱ्याच्या पाण्यावरचे क्षेत्र फडांत विभागलेले असे, एका फडात एक पीक घेत आणि पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. ‘पाटकरी’ हा शब्दच कर्तृवाचक आहे. अफगाणिस्तान व मध्य आशिया या शुष्क प्रदेशांत ‘मीराब’ नावाचा पाणीवाटप करणारा अधिकारी असतो, त्याचीच ही मराठी जात म्हणावयास हरकत नाही. ‘शेजपाळी’ हा शब्दही असाच. शेजारचा कोण व पाळी कोणाची, हे त्यात एकदम येते. पाटबंधाऱ्यांविषयीच्या इंग्रजी अहवालांत ‘फड’ व ‘शेजपाळी’ हे शब्द मराठी रूपातच वापरले गेले; त्यांना पर्याय सापडला नसावा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने तर वाटपाचा नियमच माणसावर आधारला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे, दरडोई अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनांनाही हक्क, ऊस नाही. येथे व्याकरण व न्याय एका रेषेत आले.

यावर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. तांत्रिक लेखनात कर्ता गाळण्याची प्रथा जगभर आहे, तिच्यामागे निःपक्षपातीपणाचा हेतू असतो. शिवाय कर्त्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर होते, हेही विचारले पाहिजे. आरे-वारे येथे पाण्याची जी वाक्ये कर्त्यासहित होती, त्यांतील कर्ती बहुतेक स्त्री होती. बावीवरून पाणी आणले, ते तिने आणले. नळ आल्यानंतर त्या घरांतील वाक्य बदलले. ‘आज पाणी आले’, ‘आज पाणी आले नाही’ अशी अकर्मक रचना रोजच्या बोलण्यात स्थिर झाली. या बदलाने तिची कंबर व मान सुटली असेल, तर व्याकरणातील त्या लोपाबद्दल हळहळणे हा अभ्यासकाचा चोचला ठरेल. नळाची वाक्यरचना ही सुखाचीही रचना आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु ‘पाणी आले नाही’ या वाक्याची दुसरी बाजूही तेथेच दिसली. बावीचे पाणी आटले तर कोणाला हाक मारावयाची, ती कोणी उपसावयाची, हे ठरलेले होते. नळाचे पाणी आले नाही तर कोणाला विचारावयाचे, याचे उत्तर वाक्यात नाही आणि पुष्कळदा वाडीतही नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट निःसंशय मोलाचे आहे. मात्र प्रगती मोजताना ‘जोडणी’ हे नाम मोजले जाते, तेव्हा सिंचनक्षमतेचीच पुनरावृत्ती होण्याचा धोका असतो. तोटी बसविणारा निघून गेल्यावर पंप चालविणारा, गळती काढणारा व वीजबिल भरणारा अशा तीन कर्त्यांची गरज उरते. त्यांची वाक्ये लिहिली गेली नाहीत, तर मे महिन्यात पुन्हा टँकरच येतो.

कर्त्याला परत आणण्याचा एक प्रयत्न विधिमंडळाने २००५ मध्ये केला. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याचा महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्प मंजूर झाला आणि जुन्या कालव्यांच्या आधुनिकीकरणाबरोबर पाणीवापर संस्था स्थापण्यास चालना मिळाली. त्या वर्षीच्या कायद्याचे नाव ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम’ असे आहे. शीर्षकात शेतकरी आला, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि तो ‘-कडून’ या शब्दयोगी अव्ययासह आला आहे. मराठीत ‘-कडून’ दोन ठिकाणी येते. ‘माझ्याकडून हे काम झाले’ येथे तो खरा कर्ता दाखवितो. ‘गड्याकडून काम करवून घेतले’ येथे तो दुसऱ्याच्या इच्छेने राबणारा दाखवितो. व्यवस्थापन शेतकरी करणार, की शेतकऱ्यांकडून ते करवून घेतले जाणार? शीर्षकातील ही संदिग्धता अनुवादकाची चूक नव्हे. ती त्या सुधारणेतच होती. पाण्याचे मोजमाप, वेळ व परिमाण संस्थेच्या हाती आले तर पहिला अर्थ खरा; केवळ पट्टीवसुली व डागडुजी तिच्या गळ्यात पडली तर दुसरा. आधुनिकीकरणाच्या यशापयशाची कसोटी या एका अव्ययात सामावली आहे, असे म्हणता येईल.

कर्ता नसलेल्या गद्याची किंमत नेहमी पैशातच मोजावी लागते असे नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री याच रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या, असे ग्रामस्थांचे म्हणणे त्या वेळी प्रसिद्ध झाले. ‘फुटणे’ अकर्मक आहे, ‘गळती लागणे’ही तसेच. जबाबदारीचा प्रश्न उपस्थित झाल्यावर जाहीरपणे जे एक स्पष्टीकरण पुढे आले, त्यात भिंत खेकड्यांनी पोखरल्याचे सांगण्यात आले. एवढ्या मोठ्या घटनेच्या वाक्यात तृतीयेचा प्रत्यय लागला तो खेकड्यांना. यावर टीका करण्याची आवश्यकता नाही.

यापुढे पाण्यावर खर्च होणार, व्हावयासही हवा. आरे-वाऱ्याच्या सड्यावर पावसाचे पाणी थांबवावयाचे तर बांध, टाक्या, नळ, पंप हे सारे लागेल, आणि देशावरच्या कालव्यांची दुरुस्तीही टळणार नाही. या खर्चाविषयी जे मराठी लिहिले जाईल, त्याच्याकडून एक माफक अपेक्षा करावीशी वाटते. प्रत्येक अहवालाच्या प्रत्येक परिच्छेदात निदान एक वाक्य असे असावे, की ज्यात कोणी, कोणासाठी, किती पाणी, केव्हा दिले, हे क्रियापदाने सांगितलेले असेल. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर ते काम अजून झालेले नाही असे समजावे. ही कसोटी लावण्यास अभियांत्रिकीचे ज्ञान लागत नाही. शालेय व्याकरणातील ‘कोणी?’ हा प्रश्न त्यास पुरतो.